एक ते नऊ सगळे आकडे वापरून मूळ संख्या होते का?

जुना दिवाणजी, कोल्हापूर:
मार्केट यार्डात गुळाच्या अडत पेढीवर मी अडतीस वर्षं रोजमेळ लिहिला. सातवीतली नात परवा जुन्या कॅलेंडरचे नऊ चौकोन कापून बसली. एक ते नऊ एकेकदाच वापरून नऊ आकडी मूळ संख्या करायची म्हणाली. शेवटी ७ ठेवला, १ ठेवला, ३ ठेवला, पण दर वेळी ३ नं भाग जातोय. रचना ३,६२,८८० होतात. त्यात एकही मूळ नसेल?

आणखी एक. मेळ जुळेना आणि फरकाला ९ नं भाग गेला, की थोरले दिवाणजी म्हणायचे, "आकडे उलटे पडलेत, बघ." एकदा १८० चा फरक होता. ४,८६३ ची पट्टी मी ४,६८३ अशी उतरली होती. ही युक्ती जन्मभर वापरली, पण नऊच का, ते कळलं नाही. दोन्हीचं कारण एकच असावं असं वाटतंय.

गणिताच्या बाई, राजारामपुरी:
काका, कारण एकच. १० म्हणजे ९ आणि १, १०० म्हणजे ९९ आणि १, १००० म्हणजे ९९९ आणि १. म्हणून अंक कुठल्याही घरात बसवा, नवाचे गठ्ठे बाजूला काढले की तो अंकच हातात राहतो. एक ते नऊची बेरीज ४५. चौकोन कसेही फिरवा, बेरीज तीच, म्हणून झाडून सगळ्या रचनांना ९ नं भाग जातो. तुमच्या पट्टीतही अंक तेच होते, फक्त घरं बदलली. दोन्ही रकमांना ९ नं भागून सारखंच उरतं आणि वजाबाकीत ते उडून जातं. शिवाय १८० म्हणजे ९० दुणे. शतक-दशकाची अदलाबदल आणि अंकांत फरक २ चा: तुमचे ८ आणि ६.

एक वाचक, हुपरी:
नुसता ९ काढून पुरत नाही, बेरीज ३६ राहते. ८ पण काढा. बेरीज २८, तीनचा अडसर गेला. या सात आकडी रचनांतली सगळ्यात मोठी मूळ संख्या ७६,५२,४१३. ताळा बघायचा तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे २,७६६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागावं लागेल, त्या चारशेच्या आसपास आहेत. नातीला म्हणावं, दमानं घे.

जुना दिवाणजी, कोल्हापूर:
बाई, लई बरं वाटलं. अडतीस वर्षांची गाठ सुटली.

नात लगेच भागाकाराला बसली. ७ नं ६ उरले, ११ नं १०, १७ नं १६. "आजोबा, तिन्ही वेळा एकानंच हुकलं!" मग स्वतःच एक मिळवून ७६,५२,४१४ घेतली आणि २, ७, ११, १७ नं ओळीनं भागत गेली. २,९२३ आले. ते ३७ गुणिले ७९ आहेत हे सापडेपर्यंत दिवेलागण झाली. आता ७६,५२,४१३ ला ३७ आणि ७९ नं भागून काय उरणार, ते तिनं भागाकार न मांडताच वहीत लिहून ठेवलंय: ३६ आणि ७८.