गरोदरपणाच्या नवव्या आठवड्यात बाळाचा ठोका ऐकवायला डॉप्लर कशाला?

रानजाई:
माझी पहिली सोनोग्राफी नवव्या आठवड्यात झाली. ठोका पडद्यावर लुकलुकताना दिसत होता, तरी ऐकवायला म्हणून डॉप्लर (हालचाल टिपून तिचा आवाज ऐकवणारा सोनोग्राफीचाच प्रकार) लावला, चांगली दोन-तीन मिनिटं, आणि घोडा दौडल्यासारखा तो आवाज ऐकून मी रडलेच. आता वाचते तर सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांच्याच संघटना सांगतायत की पहिल्या तीन महिन्यांत नुसत्या ठोक्यासाठी डॉप्लर नको, एम-मोडवर (ठोक्याची हालचाल पडद्यावर रेघेत दाखवणारी साधी पद्धत) भागतं, कारण डॉप्लरमध्ये सगळी ऊर्जा एकाच जागी पडत राहते आणि ती जागा तापू शकते. मला कुणी विचारलं पण नाही! २००६ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या मेंदूतज्ज्ञ पास्को राकिच यांच्या टीमने गाभण उंदरांवर प्रयोग केला होता, ३० मिनिटं किंवा त्याहून जास्त अल्ट्रासाउंड दिल्यावर पिल्लांच्या मेंदूतल्या काही पेशी जिथे पोचायला हव्या तिथे पोचल्याच नाहीत. गरज नसेल तर एक मिनिटही नको, असं माझं ठाम मत झालंय.

ध्रुव_सोनो:
ताई, मी रोज हेच काम करतो. उंदराच्या पिल्लाचा मेंदू एवढासा, अख्खा त्या झोतात येतो. माणसाच्या तपासणीत प्रोब (पोटावर फिरवतो ते उपकरण) सतत हलता असतो, मधे आईच्या पोटाचे थर असतात. आणि राकिच यांनी स्वतःच सांगितलं होतं की वैद्यकीय कारणासाठीची सोनोग्राफी यावरून थांबवू नका. ऑस्ट्रेलियात पर्थला २८०० हून जास्त गरोदर बायकांवर अभ्यास झाला, त्यात अर्ध्याजणींची पाच-पाच वेळा डॉप्लरसकट तपासणी केली. त्या गटातली बाळं जन्मताना जरा लहान होती हे खरं, पण आठ वर्षांची होईपर्यंत बघितलं तर वाढीत, बोलण्यात काही फरक नाही. असलं वाचून एखादी विसाव्या आठवड्याचा स्कॅनच टाळते, त्याची मला जास्त भीती वाटते.

दगडफूल:
दादा, पण पर्थच्या त्या तपासण्या जुन्या मशीनवरच्या ना? १९९२ ला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) गर्भासाठीची अल्ट्रासाउंडच्या ताकदीची मर्यादा ९४ वरून ७२० मिलीवॅट केली, दर चौरस सेंटीमीटरला. म्हणजे जवळजवळ आठपट. मग जुन्या मुलांचे दाखले आत्ताच्या मशीनला कसे लावायचे, हे कुणीतरी नीट सांगा.

ध्रुव_सोनो:
मुद्दा बरोबर आहे, नव्या ताकदीवर तसा मोठा अभ्यास हवाच. पण मर्यादा वाढवताना अटही घातली की टीआय (थर्मल इंडेक्स, तापण्याचा अंदाज) आणि एमआय (मेकॅनिकल इंडेक्स, लहरींच्या दाबाने होऊ शकणाऱ्या परिणामाचा अंदाज) हे आकडे पडद्यावर दिसले पाहिजेत. टीआय १ म्हणजे फार तर एखाद अंश तापमान वाढू शकतं असा अंदाज. ११ ते १४ आठवड्यांत कारण असेल तरच डॉप्लर, तेही टीआय १ च्या आत ठेवून, आणि शक्य तितक्या लवकर उरकायचं.

सहा_वाजता:
विसाव्या आठवड्यात माझ्या मुलाच्या हृदयातला दोष सापडला म्हणून पुढची सगळी तयारी आधीच करता आली, तो आज धावतोय. कुणीही घाबरून तपासणी चुकवू नका प्लीज.

रानजाई:
अगं तपासणी टाळा असं मी कुठे म्हटलं? तुझ्या मुलाच्या वेळी शोधायला काहीतरी होतं. माझ्यावेळी ठोका दिसलाच होता, पुढची मिनिटं फक्त मला बरं वाटावं म्हणून गेली. आणि दादा, आकडा पडद्यावर असून काय, २००७ च्या एका पाहणीत मशीन चालवणाऱ्यांपैकीच बहुतेकांना टीआय म्हणजे काय ते सांगता आलं नव्हतं. तिथे पाठीवर झोपलेल्या बाईने काय ओळखायचं?

ध्रुव_सोनो:
नवव्या आठवड्यात मी डॉप्लर लावत नाही. तुमच्याबाबतीत लावायला नको होता.