जलपर्णीची पानं महिन्यात कुजली, मुळं मात्र जशीच्या तशी. का?

भीमाकाठ:
नमस्कार मंडळी. इंदापूर तालुक्यात उजनीच्या बॅकवॉटरला आमची जमीन आहे. यंदा काठाला लागलेली जलपर्णी दोन ट्रॉल्या भरून खड्ड्यात टाकली, वर शेणकाला ओतला. महिन्याने फावड्याने उकरलं तर पानांचा मागमूस नाही, नुसता काळा चिखल. पण मुळांच्या जटा ओढल्या तरी तुटेनात, आणि देठांचा दोऱ्यासारखा चोथा उरलाय. वास असा की बांधावर उभं राहवत नाही. झाड एकच, खड्डा एकच, मग हा फरक कशाचा?

मातीवेडा:
दादा, झाड एकच असलं तरी घडण एक नाही. पानात नत्र जास्त, म्हणजे जिवाणूंना आयतं जेवण. मुळांत लिग्निन जास्त. लाकडाला टणकपणा येतो तो त्यानेच. ते फोडायचं काम मुख्यतः बुरशीचं, आणि तिला हवा लागते. तुमच्या खड्ड्यात हवा कुठली? जलपर्णीत ९० टक्क्यांच्या वर पाणी. पानं बसली की सगळंच बुडालं, वास त्याचाच. देठ दाबला तर स्पंजासारखा, पण आतले धागे चिवट; वाळवून त्याच्या टोपल्या विणतात त्या उगाच नाही.

पुढच्या वेळी खड्डा नको, जमिनीवर ढीग लावा. आधी ३-४ दिवस उन्हात मलूल होऊ द्या, कोयत्याने बारीक करा, मध्ये उसाच्या पाचटाचे थर द्या. पाचटात कर्ब भरपूर, नत्र नावाला. जलपर्णी ती कसर भरून काढते. पंधरवड्याला ढीग खालीवर करा.

जाळंवाला:
आमच्या तळ्यात एकदा फवारणी करून जलपर्णी जागेवरच मारली. कोवळा पाला एकदम कुजला, पाण्यातला प्राणवायू संपला. पहाटे मासे वर तोंड काढून हापापत होते. काठचं पाणकणीस मात्र वाळून पुढच्या पावसापर्यंत उभं. कृपा करून पाण्यात मारू नका, बाहेर काढा.

भीमाकाठ:
पाचट आहे घरचंच. उरलेल्या मुळांचं काय करू?

मातीवेडा:
पालेभाजीला अजिबात घालू नका. सांडपाण्यातलं शिसं, कॅडमियम मुळांतच जास्त साठतं. वापरायचंच असेल तर आधी जड धातूंची तपासणी करून घ्या. नेहमीच्या माती परीक्षणात ती नसते, वेगळी सांगावी लागते.