जामीनदार व्हायला नकार देणारा मित्र खोटा का?

स्पष्टवक्ता:
पतसंस्थेचं कर्ज म्हटलं की जामीनदार लागतात आणि पहिला फोन मित्रालाच जातो. तो "नाही" म्हणाला की लगेच खोटा ठरतो. मला हे साफ चूक वाटतं. खोटा तो, जो "नुसती सही कर, तुझ्यावर काही येणार नाही" म्हणून सही घेतो. येतं, आणि पूर्ण येतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ बघा: करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. "आधी त्याच्याकडून वसूल करा" असंही म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच बँक ऑफ बिहारच्या खटल्यात ते स्पष्ट केलंय.

रानवारा:
कायदा मान्य, निष्कर्ष नाही. ज्याच्याकडे गहाण ठेवायला ना घर ना सोनं, त्याला जामीनदाराचाच आधार. एरवी रोज चहाला सोबत आणि सहीच्या वेळी "घरी विचारून सांगतो", ही कसली मैत्री? हप्ते भरावे लागलेच, तर कलम १४५ प्रमाणे ते कर्जदाराकडून परत मागता येतात.

स्पष्टवक्ता:
मागता येतात, मिळतात का? संस्था महाराष्ट्राच्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला, म्हणजे दिवाणी दाव्याशिवाय थेट वसुलीचा आदेश, घेते. तुम्हाला मात्र मित्रावर दिवाणी दावा लावावा लागतो. बँकेचं कर्ज असेल तर ते तुमच्या सिबिल अहवालातही (कर्जफेडीच्या नोंदीत) दिसतं, आणि ते थकलं की उद्या तुमचंच घरकर्ज अडतं.

हिशेबी:
पारख सहीच्या आधीच होते. मंजुरीपत्र, हप्त्यांचा तक्ता आणि आधीच्या कर्जांचे उतारे मागा. हमीपत्राची प्रत स्वतःकडे ठेवा आणि रकमेची जागा कोरी असेल तर सही करूच नका. सच्चा मित्र हे सगळं आणून देतो. "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणत कागद टाळणाऱ्याची आधीची थकबाकी हमखास तपासा. करार कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे तुमच्या संमतीशिवाय अटी बदलल्या, तर पुढच्या व्यवहारातून सुटका मिळते खरी, पण छापील हमीपत्रात बरेचदा तो हक्क आधीच सोडलेला असतो. तेवढा परिच्छेद नीट वाचा. मध्येच "माझं नाव काढा" म्हणून कोणी सुटत नाही. बदली जामीनदार संस्थेला पटावा लागतो.

रानवारा:
कागद मागणं पटलं. पण नकार द्यायचा तर त्याच दिवशी द्या. आठवडाभर ताटकळत ठेवलं की दुसरा जामीनदार शोधायची वेळही निघून जाते, आणि माणूस दुखावतो तो त्याने. सही जमत नसेल तर बुडाली तरी चालेल एवढी रक्कम द्या, आणि ती खात्यातूनच द्या.