स्क्रँटनची अल्को इंजिनं: फोटोसाठी कुठे उभं राहू?

जर्सीकर: नमस्कार मंडळी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला डेलावेर-लॅकवॅना रेल्वेची मालगाडी कॅमेऱ्यात टिपायची आहे. जागा सुचवाल का?

घोरपडीवाला: अहो, जाच! आपल्या भारतीय रेल्वेचं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन ज्या अल्को (अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी) घराण्यातलं, त्याच घराण्याची इंजिनं तिथे अजून मालगाड्या ओढतात. अल्कोने अमेरिकेत इंजिनं बनवणं १९६९ मध्ये थांबवलं, तरी. स्क्रँटनहून पोकोनो डोंगरांकडे सलग चढ आहे, तेव्हा वर जाणारी भरलेली गाडीच गाठा. मॉस्को गावाजवळ उभे राहा. चालकाने नॉच (इंजिनाच्या ताकदीचा टप्पा) वाढवला की टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) वेग घेईपर्यंत काळा धूर उसळतो, शटर तेव्हाच दाबायचं. पण आधी डोळे मिटून ऐका हो. पुण्यातल्या घोरपडीच्या इंजिन शेडबाहेर लहानपणी ऐकलेला तोच ठेका! मला तर भरून आलं होतं.

जर्सीकर: वा! ऊन कधीचं बरं?

घोरपडीवाला: सकाळचं. चढणारी गाडी साधारण आग्नेयेला जाते, त्यामुळे इंजिनाच्या तोंडावर उजेड मिळतो. भर दुपारी चाकांकडचं सगळं सावलीत बुडतं.

रूळप्रेमी: रुळालगतची जागा खासगी असते. सार्वजनिक रस्त्यावरूनच काढा, फाटकाजवळ छान कोन मिळतो.