आजोबांच्या अल्बममधलं विमान : फोटोंवरून काय सापडलं?

दुसऱ्या महायुद्धात घरातलं कुणी हवाई दलात शिकायला गेलं आणि मागे फक्त फोटो राहिले, असं तुमच्याकडे असेल तर त्यांचा माग कसा काढलात ते इथे लिहा. सुरुवात मी करते.

माझे आजोबा १९४२ साली भरती झाले. घरी त्या दिवसांबद्दल ते बोलत नसत. एका फोटोत ते दुपंखी विमानाला टेकून उभे आहेत. एकामागे एक दोन उघड्या बैठका, वरच्या पंखाच्या मधोमध फुगीर पेट्रोलची टाकी, म्हणजे टायगर मॉथ, शिकाऊ वैमानिकांचं पहिलं विमान. तेव्हा वैमानिकाचं शिक्षण टप्प्याटप्प्याने होई. लाहोरजवळ वॉल्टनला कवायत, मोर्स संदेशलिपी, हवामान. मग हैदराबादच्या बेगमपेटला किंवा जोधपूरला टायगर मॉथ. मग अंबाल्याला हार्वर्ड हे पुढच्या शिक्षणाचं विमान. लढाऊ वैमानिक असेल तर पुढे रिसालपूरला हरिकेन हे लढाऊ विमान. आजी नेहमी "हे हैदराबादला होते" म्हणायची, ते त्या टायगर मॉथशी जुळलं. त्यानंतर मी फोटो विमानांच्या क्रमाने लावले, आणि तारखा नसतानाही त्यांचं सगळं शिक्षण ओळीने डोळ्यांपुढे आलं.

*सातारा*
आमच्याकडच्या फोटोत अण्णा एका बुटक्या, आखूड पंखांच्या विमानात बसलेत, आणि ते विमान खोलीत आहे! घरात सगळे त्याला जत्रेतलं विमान म्हणायचे. ते निघालं लिंक ट्रेनर, जमिनीवरच उड्डाण शिकवणारं यंत्र. खाली हवेचे भाते असतात, दांडा हलवला की डबा तसा कलतो, वळतो. वरचं झाकण लावलं की बाहेरचं काही दिसत नाही, फक्त समोरच्या घड्याळांसारख्या मापकांवर भरवसा ठेवून 'उडायचं'. शेजारी टेबलावर शिक्षक, आणि त्याच्यासमोरच्या कागदावर एक छोटं चाकांचं यंत्र विद्यार्थ्याचा मार्ग शाईने रेखाटत जातं. आमच्या फोटोच्या कडेला त्या टेबलाचा कोपरा दिसतो. वीसेक वर्षांचा, गावाबाहेर फारसा न गेलेला मुलगा त्या अंधाऱ्या डब्यात ढगातून वाट काढायला शिकत होता, हे कळल्यावर मला तो फोटो सगळ्यांत जवळचा वाटतो.

*डोंबिवली*
आधी छातीकडे आणि बाहीकडे बघा. मामाआजोबा पायलट होते असं आम्ही ऐकत आलो, पण छातीवर वैमानिकाचा पंखांचा बिल्ला नाही आणि बाहीवर दोन पात्यांचा पंखा आहे. ती लीडिंग एअरक्राफ्टमन या हुद्द्याची खूण. सोबतच्या ग्रुप फोटोत उघडलेलं इंजिन आणि हातात पाने, म्हणजे फिटर, इंजिन दुरुस्त करणारे. मला त्यात उणं काही वाटत नाही. विमान उडण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी या माणसांवर होती.

*नागपूर*
पंखांच्या बिल्ल्यावरची अक्षरं भिंगाखाली वाचा. आयएएफ (इंडियन एअर फोर्स) आणि आरआयएएफ (रॉयल इंडियन एअर फोर्स) यांत फरक आहे. 'रॉयल' हा शब्द मार्च १९४५ मध्ये जोडला गेला आणि १९५० साली निघाला. 'आर' दिसला की फोटो मार्च १९४५ च्या आधीचा नाही.

*कोल्हापूर*
माझ्या आत्याआजी खाकी साडीत आहेत. विमेन्स ऑक्झिलरी कोअर, म्हणजे सैन्याला मदत करणारी बायकांची संघटना, १९४२ मध्ये सुरू झाली, तिला हवाई शाखाही होती. बायकांचे फोटोही नीट बघा, एवढंच सांगायचंय.

*लंडन*
किऊच्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्क्वॉड्रनच्या दैनंदिन्या एआयआर २७ या मालिकेत आहेत, प्रशिक्षण केंद्रांसारख्या इतर तुकड्यांच्या एआयआर २९ मध्ये. बहुतेक जण फक्त पहिली चाळतात. शिकणाऱ्या माणसाचा माग मात्र दुसरीत लागण्याची शक्यता जास्त. अधिकारी असतील तर भारत रक्षक या संकेतस्थळावरची यादीही बघा.

माझे चुलत आजोबा शिकतानाच अपघातात गेले. युद्धकबरींच्या राष्ट्रकुल आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं, आणि लढाईत गेलेल्यांबरोबर प्रशिक्षणात गेलेलेही त्यात आहेत. आपल्या आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं तेव्हा कशीही लिहीत, म्हणून सगळे पर्याय घालून बघा. शेवटी 'कर'चं 'केआर' झालं की काय, इथपर्यंत.

*सातारा*
लंडनकरांना एक विचारायचंय. एआयआर २९ मध्ये अंबाल्याच्या शाळेचे १९४३ चे कागद तुम्ही पाहिलेत का? अण्णांच्या तुकडीचा ग्रुप फोटो आहे, मागे हार्वर्ड उभं आहे, पण नावं एकाचीही लिहिलेली नाहीत. दुसऱ्या रांगेतल्या कुणाला तरी तुमच्यापैकी कुणी ओळखेल म्हणून फोटो टाकते आहे.