मंडळीतल्या बंधूने मन दुखावले, तर येशूच्या पद्धतीने क्षमा नेमकी कशी करायची?

वचनवाचक
सर्वांना सलाम. क्षमेवर उपदेश पुष्कळ ऐकायला मिळतात, पण प्रत्यक्षात काय करायचे हे क्वचितच कोणी सांगते. समजा, मंडळीतल्याच (चर्चमधल्याच) एखाद्या बंधूने तुमच्याबद्दल खोटे पसरवले, चार जणांना ते खरे वाटले आणि त्याने माफीही मागितलेली नाही. अशा वेळी प्रभूच्या जीवनावरून पहिले पाऊल कोणते ठरते? माफी मागेपर्यंत थांबायचे, की आधीच क्षमा करायची? आणि क्षमा केली म्हणजे पूर्वीसारखा विश्वासही टाकायचा का?

द्राक्षवेल
तुमच्या प्रश्नात दोन कामे एकमेकांत मिसळली आहेत. ती वेगळी केली की गुंता सुटतो. एक काम देवासमोरचे, दुसरे त्या बंधूसमोरचे.

देवासमोरचे काम मार्क ११:२५ मध्ये आहे: प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा. इथे त्याने माफी मागावी अशी अट नाही, तो समोर असण्याचीही गरज नाही. वधस्तंभावर येशूने हेच केले (लूक २३:३४). तो पित्याशी बोलला, आणि खिळे ठोकणाऱ्यांपैकी कोणीही पश्चात्ताप केलेला नव्हता. बदला घेण्याचा हक्क असा देवाच्या हाती सोपवणे आजच करता येते, आणि मनात अढी पुन्हा आली की पुन्हा करावे लागते.

बंधूसमोरचे काम लूक १७:३ मधले. त्याने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि पश्चात्ताप केला तर क्षमा कर. तुटलेले नाते एकट्याने जुळत नाही, म्हणून इथे त्याच्या उत्तराची वाट पाहावी लागते.

आता पायऱ्या, मत्तय १८:१५-१७ प्रमाणे. आधी दोघेच भेटा. त्याने ऐकले नाही तर एक-दोन जणांना बरोबर न्या. तरीही नाही तर मंडळीला सांगा. सगळे बिघडते ते बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर, कारण ती गाळली जाते. बंधूला भेटण्याआधी गोष्ट ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून चार घरी पोहोचते किंवा मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडते. मग तो चूक कबूल करायचे सोडून अब्रू वाचवायच्या मागे लागतो.

भेटीत काय बोलायचे, याचा नमुना योहान १८:२३ मध्ये आहे. महायाजकाच्या चौकशीत शिपायाने येशूला चपराक मारली. येशूने शिव्याशाप दिले नाहीत आणि तो गप्पही राहिला नाही. माझे बोलणे चुकीचे असेल तर ते दाखवून दे, बरोबर असेल तर मला का मारतोस, एवढेच त्याने विचारले. तुम्हीही एकच घटना घ्या. काय बोलले गेले, कोणापुढे आणि त्याने काय झाले, हे सांगा. मग ‘माझी माहिती चुकीची असेल तर सांगा’ म्हणा आणि त्याला मध्ये न तोडता ऐका. ‘तुम्ही नेहमीच असे करता’ हे वाक्य टाळा. त्याने बोलणे जुन्या भांडणांकडे वळते.

दुसऱ्या पायरीला आपल्याच बाजूची माणसे नेऊ नका. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाप्रमाणे (१९:१५) ते साक्षीदार आहेत. तुमचीही चूक असेल तर ती तोंडावर सांगतील असेच निवडा.

वचनवाचक
आभार, हे वेगळेपण लक्षात आले नव्हते. पण अशा वेळी वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘एवढीशी गोष्ट, सोडून दे.’ शिष्य पेत्राला तर साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितले होते ना?

मोहरीचा दाणा
त्या उत्तराला जोडून येशूने सांगितलेला दृष्टांत नीट वाचा (मत्तय १८:२१-३५). राजाने एका दासाचे प्रचंड कर्ज माफ केले, पण तो दास सोबतच्या दासाचे कर्ज सोडेना. सोबतच्या दासाकडे येणे होते १०० दिनार. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज (मत्तय २०:२), म्हणजे तीन महिन्यांहून जास्त कमाई. ही रक्कम ‘एवढीशी’ नाही. येशू दुखापत लहान करून दाखवत नाही. तो तिच्याशेजारी १०,००० तलांतांचे कर्ज ठेवतो. एका तलांताचे साधारण ६,००० दिनार धरले तर ते ६ कोटी दिनार होतात. म्हणून दुखावलेल्याला ‘सोडून दे’ म्हणण्याआधी त्याचे १०० दिनार खरेच बुडाले आहेत हे मान्य करा. ते न मानता करून घेतलेली क्षमा तोंडदेखली राहते.

विश्वासाचे उत्तर पेत्राच्या बाबतीत मिळते. ‘मी येशूला ओळखत नाही’ असे म्हणून त्याने नाकारल्यानंतर येशूने त्याच्याकडे वळून पाहिले (लूक २२:६१). पुनरुत्थानानंतर निरोप गेला तो ‘शिष्यांना आणि पेत्राला’ (मार्क १६:७). मग त्याला वेगळे दर्शन झाले (लूक २४:३४). तिथे काय बोलणे झाले ते शुभवर्तमानांत लिहिलेले नाही. त्या दोघांचे ते दोघांतच राहिले, आणि मला हे फार मोलाचे वाटते. त्यानंतर समुद्रकिनारी कोळशाच्या विस्तवाजवळ आधी जेवण, मग प्रश्न (योहान २१). तीनदा नाकारले होते, म्हणून तीनदा विचारले, आणि दर उत्तरानंतर मेंढरांची जबाबदारी दिली. म्हणजे काम परत मिळाले, पण सरळ प्रश्नांना सरळ उत्तरे दिल्यावर.

याउलट योहान २:२४ पाहा. लोक विश्वास ठेवत होते, तरी येशूने स्वतःला त्यांच्या हवाली केले नाही. क्षमा मागताच द्यावी. विश्वास मात्र वागणूक पाहून थोडाथोडा वाढवावा. खोटे पसरवणाऱ्याने ज्या चार जणांना ते सांगितले, त्यांच्याकडे स्वतः जाऊन दुरुस्त केले का, हे आधी पाहा.

वचनवाचक
आणि तो भेटायलाच तयार नसेल तर?

द्राक्षवेल
एक निरोप लेखी द्या, दोन ओळींचा, आरोप न करता. मग दुसरी पायरी. शेवटची पायरीही फसली तर त्याला ‘जकातदारासारखा’, म्हणजे त्या काळी लोक दूर ठेवत त्या कर गोळा करणाऱ्यासारखा, मानायचे आहे. पण येशू जकातदारांच्या पंगतीला बसत होता (मत्तय ९:१०), म्हणून सलाम बंद करणे आणि लग्न-मयताला न जाणे यात बसत नाही. सहभागितेतली जबाबदारी थांबते, माणुसकी थांबत नाही.

मोहरीचा दाणा
एक गोष्ट राहिली. मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा धमकी असेल तर ‘दोघेच भेटा’ ही पायरी पीडितावर लादू नका. नासरेथकरांनी कड्यावरून ढकलायला नेले तेव्हा येशू त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:२९-३०). जिवावर उठलेल्यांमुळे तो काही काळ यहूदियात फिरलाच नाही (योहान ७:१). अशा वेळी आधी सुरक्षित जागा, मग पोलिसांत तक्रार. मनातली क्षमा तक्रार मागे घ्यायला भाग पाडत नाही, आणि मंडळीनेही तसा दबाव आणू नये.