आजार ‘उलटला’ की ‘परतला’?

पाच्छा_पेठ
सोलापुरातल्या एका मनोविकारतज्ज्ञांचं पालकांसाठीचं पत्रक मराठीत करतेय. विषय: शाळा-कॉलेजच्या पोरांचं पुन्हा पुन्हा येणारं डिप्रेशन. मुलगा सावरत असतानाच परत ढासळला तर डॉक्टर रिलॅप्स म्हणतात. पुरता बरा होऊन काही महिने नीट गेल्यावर नव्यानं आलं तर रिकरन्स. पहिल्याला मी ‘आजार उलटला’ लिहिलं. आमच्याकडे टायफॉइड उलटायचा. तिथल्या समुपदेशक मुलीनं शब्दाभोवती लाल गोल काढला: ‘उलटला म्हणजे गेला ना?’ काय लिहू?

कडकभाकरी
उलटलाच लिहा. आजी म्हणायची, ‘ताप उलटेल, पोराला भजी देऊ नका.’ अर्धवट बरं होणं त्या शब्दात आपसूक येतं.

मोडी_वाचक
पण त्या मुलीचं चुकलं कुठं? पन्नाशी उलटली म्हणजे सरली. ‘परतला’ तर त्याहून घोटाळ्याचा. पाहुणा परतला म्हणजे आला की गेला? दोन्हींना सरळ ‘पुनरुद्भव’ घ्या.

कडकभाकरी
पुनरुद्भव! अहो, पत्रक हातात पडणारी आई विड्या वळता वळता वाचणार आहे. आणि दोन्हींना एकच शब्द घातला तर ताईंचा प्रश्नच गेला की.

मोडी_वाचक
मग मुळात डिप्रेशन तरी कशाला? नैराश्य आहे ना.

सातरस्ता
नैराश्यच नडतं. धाकटा भाऊ अकरावीत असताना घरात एकच पालुपद: ‘निराश व्हायला झालंय काय, मार्क तर चांगले पडलेत.’ निराशेला लोक कारण मागतात. त्यात तो उदास दिसायचाच नाही, नुसता खेकसायचा. जेवायला बसला की ताट सरकवून उठायचा. या वयात हा आजार चिडचिडीतूनही दिसतो, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. गोळ्यांनी दोन महिन्यांत हसायला लागला, मग आम्हीच बंद केल्या. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने द्यायला सांगितल्या होत्या. पुढच्याच महिन्यात ताट परत सरकलं. आई म्हणाली, ‘औषध सुटलं म्हणून उलटलं.’ वडील पॉवरलूमवर. ते म्हणाले, ‘तार सांधला नाही, तोवर माग चालू केला.’

पाच्छा_पेठ
वडिलांचं वाक्य घेऊ का पत्रकात? अजून एक अडलंय. 25 वर्षांखालच्यांना गोळी सुरू केल्यावर पहिले काही आठवडे आत्महत्येचे विचार बळावत नाहीत ना, हे घरच्यांनी बघायचं असतं. मी ‘पाळत ठेवा’ लिहिलंय.

सातरस्ता
वाक्य घ्या खुशाल. पण पाळत चोरावर ठेवतात हो. आमच्याकडे तेच झालं, भावानं मोबाइलला पासवर्ड घातला. ‘लक्ष असू द्या’ म्हणा. आणि तसे विचार येतात का, हे सरळ विचारा असंही लिहा. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाहीत.

मोडी_वाचक
छापण्याआधी दुरुस्त करा. तार स्त्रीलिंगी. ‘सांधली नाही.’

सातरस्ता
आमच्या घरात तेलुगू, मराठी शाळेतलं. वडील चाळीस वर्षं तुटलेला तारच सांधतायत.

कडकभाकरी
माझ्या मामाचे टॉवेलचे माग होते. तिथं तार नाही, धागाच म्हणायचे.

पाच्छा_पेठ
मंडळी, उद्या छापायला जायचंय. उलटला की परतला?

मोडी_वाचक
धागा मला हिंदी वाटतो. आपलं सूत.